नाक्यावरचं माहेर

गोदामाला खिडकी का नसते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या गोदामात मी नोकरीची निम्मी उमर काढली. अणदूरच्या पुढं, सोलापूरच्या अंगाला, जिथं निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू व्हायचा, तिथं सडकेवर करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे जकात. सडकेवर आडवा बांबू, बाजूला आमची कचेरी आणि तिला लागून काळ्या दगडाचं लांबलचक गोदाम. पलीकडून येणारी प्रत्येक गाडी त्या बांबूपाशी थांबायची आणि मी मान हलवल्याशिवाय बांबू उठत नसे. मी साधा मुन्शी होतो, पण तिथं भलेभले मला वाकून रामराम घालायचे. त्या रामरामाची माणसाला सवय लागते.

मग संस्थान विलीन झालं. करोडगिरी त्यानंतरही काही वर्षं रेंगाळली आणि एक दिवस तीही उठली. बांबू कुणीतरी चुलीला नेला. बरोबरीचे लोक कुणी महसुलात गेले, कुणी घरी बसले. मला इमारतीच्या देखरेखीवर ठेवलं, आणि कचेरीतली एक खोली राहायला दिली. देखरेख कशाची, तर आत वटवाघळं आणि बाहेर एरंडाचं रान. समोरून मोटारी भरधाव जात, एकही थांबत नसे. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. मी मूळचा खडूस, आपणहून कुणाकडं जाणारा नव्हे. तुळजापूरला भाऊ होता, देवीच्या पूजेतला. त्याच्याकडं गेलं की वहिनी ताट वाढायची आणि भाऊ विचारायचा, परतीची मोटार कितीची आहे. मग मी जाणंच कमी केलं.

पुढं जिल्ह्याच्या कचेरीत कुणाच्या तरी मनात आलं की अशा रिकाम्या पडलेल्या इमारतींत लष्करातून सुटून आलेल्यांची आणि निराधारांची सोय करावी, भाडं नावाला घ्यावं. ओव्हरसीर आला, त्यानं गोदामाच्या फरशीवर खडूनं रेघा मारल्या, आणि त्या रेघांवर विटा-मातीच्या भिंती उठल्या. खोल्यांची रांग तयार झाली. बाहेरून बघितलं तर ते गोदामच होतं. आतून बघितलं तरी गोदामच होतं, फक्त तुकडे केलेलं. ज्यांना दुसरीकडं कुठंच थारा नव्हता तेच लोक आले.

रांगेच्या टोकाला एक मुसलमान बाई राहायला आली. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा गेला. कसा गेला ते ती सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. आसपासच्या गावांत बाळंतपणं करून ती पोट भरायची, आणि सगळे तिला चाची म्हणायचे. माझ्या भिंतीला लागून आले ते हवालदार. दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले, एका पायानं लंगडत चालायचे. ते तिकडं लढाईवर असताना इकडं बायको गेली, घर भावकीनं ताब्यात घेतलं, आणि एकुलती एक पोर मामाच्या दारात वाढली. तिचं लग्नसुद्धा मामानंच लावून दिलं, सोलापूरच्या अंगाला, आमच्या जुन्या हद्दीच्या पलीकडच्या गावात. हवालदार लग्नात पाहुण्यासारखे बसून आले होते.

वळकटी खांद्यावर घेऊन ते पहिल्या दिवशी खोलीत शिरले आणि तसेच बाहेर आले. म्हणाले, असल्या अंधारात कैद्यालाही ठेवत नाहीत. मला राग आला. मी म्हणालो, इथं सरकारी माल असायचा, चोरी होऊ नये म्हणून खिडकी ठेवलेली नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “म्या माल न्हाय, मुन्शीजी.”

त्यानंतर हा माणूस लंगडत लंगडत तालुक्याच्या कचेरीत खेटे घालू लागला. साहेबाच्या दारात ताठ उभा राहायचा, सलाम ठोकायचा आणि खिडकी मागायचा. मी मनातल्या मनात हसत होतो. पण शेवटी कचेरी कंटाळली आणि छिन्नी-हातोडा घेतलेली माणसं आली. दोन हात जाडीच्या दगडी भिंतीला भोकं पडली, सडकेच्या बाजूला प्रत्येक खोलीला खिडकी झाली. माझ्या कचेरीच्या खोलीलाही झाली, आणि मी न मागता मिळालेल्या उजेडात गुपचूप बसलो. हवालदारांनी आपल्या खिडकीच्या झडपांना हिरवा रंग दिला. तिथं बसलं की सोलापूरकडून येणारी मोटार लांबून दिसायची. ती थांबणार नाही हे ठाऊक असूनही ते रोज बघायचे.

एक दिवस मात्र ती थांबली. पोरीच्या सासरचा एक माणूस उतरला आणि निरोप सांगून त्याच पावली पुढं गेला. हवालदार माझ्या दारात येऊन उभे राहिले. पोरीला दिवस गेले होते, पाचवा सरत आला होता. मग म्हणाले, “पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात न्हवं?”

मी म्हणालो, हे काय विचारायचं झालं.

“मामी न्हाय म्हणली. लगीन लावलं तेवढं लई झालं म्हणती. मग आता माझ्याकडंच व्हाया पायजे, मुन्शीजी. तिला आजवर म्या काय दिलं न्हाय.”

अडचण अशी होती की सासरच्यांनी नकार दिला नव्हता, पण होकारही दिला नव्हता. सासू स्वतः येऊन जागा बघणार होती. तिकडं नणंदा त्या पोरीला चिडवायच्या की तुझ्या बापाला जकातीत अडकवून ठेवलाय. पोर हसून सोडून द्यायची म्हणे, आणि मग गोठ्यात जाऊन बसायची. हे त्या निरोप्यानंच सांगितलं होतं. सांगू नये ते सांगणारे लोक सगळीकडं असतात.

मी या भानगडीत पडणार नव्हतो. माझी बायको पहिल्या बाळंतपणाला तेरला, तिच्या माहेरी गेली होती. मला नाका सोडून जायला रजा नव्हती. निरोप आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं, तिचंही आणि बाळाचंही. त्यानंतर मी पुन्हा लग्न केलं नाही, आणि बाळंतपण हा शब्द कुणी काढला की मी उठून जायचो. पण हवालदार दारातून हलेनात. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडं काही मागायला आलं नव्हतं. मला ते बरं वाटलं.

मग आम्ही दोन बाप्ये माहेर तयार करायच्या मागं लागलो. चाची तेव्हा मुरुमकडच्या कुठल्याशा गावात एका अवघडलेल्या बाळंतिणीपाशी अडकली होती, आणि ती नाही म्हणून आमचं काही अडेल असं आम्हाला वाटलं नाही. मी वर्षभरानं तुळजापूरला गेलो आणि वहिनीला विचारलं की बाळंतिणीला काय काय लागतं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग डोळे पुसले, आणि डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, बाळाची टोपडी असं करत पिशवी भरून दिली. त्या दिवशी परतीची मोटार कितीची हे भावानं विचारलं नाही. हवालदारांचा कारभार पलटणीतला. त्यांनी भिंतींना चुना दिला, दारासमोर विटा तिरक्या रोवून त्यांनाही चुना दिला, मागं पत्र्याची न्हाणी उभी केली आणि पाणी तापवायला चुलाणा घातला. बाज आणली, तिच्या सुंभाचे पीळ तीनतीनदा आवळले. खिडकीच्या झडपांना तर त्यांनी पुन्हा रंग दिला. रांगेत एवढी उजेडाची, एवढ्या मोकळ्या हवेची दुसरी खोली नव्हती, आणि आम्हा दोघांना तिचा भारी अभिमान होता.

विहीणबाई आल्या. उंच, हाडापेरानं दणकट बाई, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी न्हाणी बघितली, चुलाणा बघितला, बाजेवर हात दाबून पाहिला. स्वयंपाकाचं कोण करणार, असं विचारलं. हवालदार म्हणाले, पलटणीत लंगर सांभाळलाय, भाकरी मी स्वतः करीन. बाई पहिल्यांदा हसल्या. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात हवालदारांनी, शेवटचं बक्षीस दाखवावं तशी, खिडकी उघडून दिली. माळावरचा वारा भस्सदिशी आत आला आणि बाजेवरचं पांघरूण उडालं.

विहीणबाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. “बाळंतिणीच्या खोलीला खिडकी?” त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पोराटोरांना माहीत असतं की बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, बाळंतिणीची खोली अंधारी आणि उबदार हवी. मलाही माहीत होतं. पण इतके दिवस त्या खिडकीचं कौतुक करण्यात ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाई नसलेल्या घरातच अशी चूक होऊ शकते. हवालदार चाचरत म्हणाले, बंद ठेवू की, अगदी गच्च बंद ठेवू.

“फटीतनं येतंच,” विहीणबाई म्हणाल्या. “माझ्या थोरल्या लेकीला फटीतनंच वारं शिरलं. अकराव्या दिवशी गेली.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुमी वाईट वाटून घेऊ नगा. आमी तिकडंच करतो.”

त्यांच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. ती असती तर मला भांडता तरी आलं असतं. त्या सडकेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि मिळेल त्या मोटारीनं गेल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा हवालदारांच्या मांडीवर होता. तो त्यांनी तसाच माझ्या हातात दिला.

दुपारी घरंगळल्यासारखा आवाज आला म्हणून मी बाहेर गेलो. खिडकी फोडताना निघालेले दगड अजून मागं पडून होते, तेच हवालदार एकेक करून आणत होते. त्यांनी झडपा उचकटून बाजूला ठेवल्या होत्या. मी ओरडलो. म्हणालो, ही सरकारी इमारत आहे, खिडकी मंजूर होऊन आलेली आहे, उद्या ओव्हरसीरनं विचारलं तर मी काय सांगू, आणि एवढे खेटे घालून मिळवलेली गोष्ट अशी बुजवतात का. ते थांबले नाहीत. दुखऱ्या पायावर भार येत होता आणि दगडागणिक तोंडातून कण्हणं निघत होतं. थोड्या वेळानं मलाच ते बघवेना. मी सदरा काढून खुंटीला लावला आणि दगड देऊ लागलो. जन्मात दगड न उचललेला माणूस मी. संध्याकाळपर्यंत दोन बोटं चेंगरून घेतली.

दुसऱ्या दिवशी चाची परतली. सगळं ऐकून आमच्यावरच उखडली. “तुमी दोघं लई शाने. मला इचारायला काय तोंड शिवलं होतं?” म्हणाली. पण बोलता बोलता तिनं शेणमाती कालवायला घेतली आणि त्या दगडांच्या सगळ्या फटी आतून-बाहेरून लिंपून टाकल्या. खोली पुन्हा गोदाम झाली, दिवसाही हाताला हात दिसेना. चाचीनं मधोमध उभं राहून चारी बाजूंना तळवे फिरवले आणि म्हणाली, आता ठीक.

हवालदार सोलापूरच्या मोटारीनं पलीकडं, पोरीच्या सासरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला त्यांच्याकडून तुटक तुटक कळलं. ते अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खिडकी बुजवली, एवढंच म्हणाले. विहीणबाईंनी त्यांच्या हातांकडं बघितलं, सोललेल्या बोटांकडं, आणि सुनेला ट्रंक भरायला सांगितली.

ती आली. लहानखुरी, सावळी पोर. वडलांशी कसं बोलावं हे तिला कळत नव्हतं आणि त्यांनाही तिच्याशी बोलता येत नव्हतं. दोघं एकमेकांना पाहुण्यासारखं जेव म्हणायचे. हळूहळू त्यांचं जमलं. भाकरी करपली की ती हसायची, आणि ते मुद्दाम दुसरी करपवायचे. ती मला मुन्शीकाका म्हणायला लागली. खोली तिला दिल्यावर हवालदार माझ्याकडं झोपायला आले. ते घोरायचे आणि मी रोज तक्रार करायचो. रात्री जाग आली आणि घोरणं ऐकू आलं की मला पुन्हा झोप लागायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तिची वेळ भरली ती टळटळीत दुपारी. चाचीनं आम्हाला सडकेच्या पलीकडं हाकललं. मला तेर आठवत होतं. मी देवीचं नाव घेत होतो आणि ते मधेच विसरत होतो. हवालदारांनी माझा दंड धरून मला मैलाच्या दगडावर बसवलं. म्हणाले, “बसा मुन्शीजी, चाची हाय तिथं.” बाप ते होते आणि धीर मला देत होते. ऊन उतरणीला लागलं तेव्हा चाची दारात येऊन उभी राहिली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी रडलो, आणि ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. हवालदार मात्र खोलीकडं जायचं सोडून सडकेच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात वर करून. येणारी मोटार करकचून थांबली. ड्रायव्हर शिव्या देणार तेवढ्यात त्यांनी त्याच्या हातावर साखर ठेवली, मग कंडक्टरच्या, मग खिडकीतून बाहेर आलेल्या प्रत्येक हातावर.

सव्वा महिना त्या रांगेत धुरीचा आणि ओव्याचा वास होता. गोदामाच्या तुळईला मालाचा तराजू टांगायचा लोखंडी आकडा होता, त्यालाच पाळणा बांधला. बारशाला रांगेतल्या सगळ्या बाया आल्या, ज्या एरवी एकमेकींच्या दारात उभ्या राहत नसत. बाळाला न्हाऊ घालताना चाची दखनीत काहीतरी गुणगुणायची आणि तिचा चेहरा निवळायचा. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं यायचं. मी भिंतीला पाठ टेकून ऐकत बसायचो. मला वाटायचं, हे असंच चालू राहील. इतका शहाणा माणूस, पण मला खरंच तसं वाटायचं.

न्यायला विहीणबाई आणि जावई आले. चाचीनं पोरीची ओटी भरली नाही, सवाष्ण लागते म्हणून रांगेतल्या दुसऱ्या बाईला बोलावलं आणि स्वतः मागं उभी राहिली. विहीणबाई खोलीतून निघताना म्हणाल्या, “लई उबदार ठेवली तुमी खोली. पोरीला वाऱ्याचं नावबी ठावं न्हाय झालं.” पोर माझ्या पाया पडली. वडलांच्या गळ्यात पडून रडली, आणि त्यांना हात कुठं ठेवावेत ते समजेना. मोटार गेली. त्या संध्याकाळी हवालदारांनी वळकटी उचलली आणि ते आपल्या खोलीत परत गेले.

दिवाळीला एकटे जावई येऊन गेले, पोर तापली होती म्हणे. पुढं दीडेक वर्षानं निरोप आला की तिला पुन्हा दिवस गेलेत. दुसरं बाळंतपण सासरी होणार हे उघड होतं. मी इतके दिवस गप्प होतो, पण आता त्या अंधारात एका माणसानं दिवसाही कंदील लावून बसण्यात काही अर्थ नव्हता. मी गावातून गवंडी आणला, झडपा शोधून काढल्या, आणि हवालदारांच्या दारात जाऊन सांगितलं की चला, आज खिडकी मोकळी करू.

त्यांनी गवंड्याला नको म्हणून हात केला.

मला चीड आली. मी म्हणालो, ती आता येणार नाही, हवालदार. दुसऱ्या खेपेला माहेरी पाठवत नाहीत, तुम्हाला माहीत नाही का.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “पण माझी खोली तयार हाय हे तिला म्हाईत पायजे.”

मी गवंड्याला परत पाठवलं. माझ्या खोलीत येऊन बसलो. खिडकी उघडी होती, ऊन थेट मांडीवर येत होतं, सडक पार सोलापूरच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसत होती. त्या सडकेवरून यावं असं माझं कुणी नव्हतं.